पाचव्या सामन्यातली अत्या

आमच्या घरात शेवटच्या वड्यावरून कधी भांडण झालं नाही. ताटात एकच उरला की अत्या म्हणायची, "मला नक्को, तिला दे." तिला म्हणजे समोर जी कुणी बसली असेल तिला. बसमध्ये एखादी जागा रिकामी झाली की ती माझ्या अम्माला खांद्याला धरून तिथे बसवायची आणि स्वतः दांडा धरून उभी राहायची. दीपावळीच्या साड्या आल्या की सगळ्यांनी निवडून झाल्यावर जी उरेल ती तिची. लोक म्हणायचे, बाई फार चांगली. मला मात्र कधीकधी इतका राग यायचा की तो वडा तिच्या तोंडात कोंबावासा वाटायचा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा. तो अजून तिथून हललेला नाही, असं माझ्या सासरचे सांगतील.

अत्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि आमच्याच घरात राहायची. आमची मराठी अनेक पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. लग्न होऊन पुण्याला आल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला विचारलं होतं, ही कुठली भाषा म्हणून. देवनागरी अक्षरंसुद्धा मी इथे येऊन, मोठेपणी गिरवली. हे सांगायचं कारण एवढंच, की अत्याला हे लिहिलेलं वाचता येणार नाही. त्यामुळे मोकळेपणानं लिहिते.

त्या उन्हाळ्यात अत्याला ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होशील का, अशी विचारणा आली होती. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा तिनं आज्जीच्या आजारपणाचं कारण सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तिच्याहून धाकटी एक टीचर होती, तिला गरज जास्त म्हणून तिला देऊन टाकलं होतं, वडा दिल्यासारखं. आता शिक्षण खात्याच्या ऑफिसातून स्पष्ट निरोप होता की यंदा नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत उत्तर हवं होतं. ओरत्तनाडू काही लंकेत नाही. सकाळची बस धरली की शाळेच्या वेळेला माणूस पोचतो. अडचण बसची नव्हतीच. अडचण एवढीच की मुख्याध्यापिकेला सगळ्यांच्या पुढे उभं राहावं लागतं, आणि अत्याची जागा आयुष्यभर मागची होती.

मागची म्हणजे अगदी खरोखर मागची. आमच्याकडे बायका बॉल बॅडमिंटन खेळायच्या. पिवळ्या लोकरीचा घट्ट गुंडाळलेला चेंडू, लाकडी रॅकेट, मोकळं मैदान, आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच जण एकाच वेळी उभे. हा खेळ आमच्याच राजवाड्यात जन्मला असं तंजावूरचा प्रत्येक मराठी माणूस छाती फुगवून सांगतो, जणू तो त्या दिवशी तिथे हजर होता. आमच्या वीथीमागच्या, म्हणजे गल्लीमागच्या, मैदानात संध्याकाळी पाणी शिंपडायचं, मग अम्मा कोलमची पांढरी पूड रांगोळीसारखी चिमटीत घेऊन कोर्टाच्या रेघा ओढायची. दोरी नाही, माप नाही, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. मधोमध एक लहानसं कमळही काढायची, आणि ते पहिल्या दोन मिनिटांत आमच्याच पायांनी पुसलं जायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची.

आमच्या पाच जणी ठरलेल्या. जाळीजवळ समोरच्या घरातल्या दोघी बहिणी, मध्ये मी, मागे डावीकडे अम्मा आणि मागे उजवीकडे अत्या. अम्मा एरवी सहावारी नेसायची, पण खेळायला आज्जीची नऊवारी काढायची आणि कासोटा असा आवळायची की बघणाऱ्यानं वाट सोडावी. अत्याचं काम ओरडायचं होतं. सगळ्यात मागून तिला सगळं मैदान दिसायचं, म्हणून चेंडू जाळीवरून आला की तो कुणी मारायचा हे ती सांगायची. नाव घ्यायला वेळ नसतो. जिच्याकडे चेंडू जातोय तिच्याकडे बघून ती ओरडायची, "तुझा!" घरात अम्माला वैनी, अहो, तुम्ही, मैदानात तीच अम्मा "तुझा!" अम्मापण घरात तिला अहो वन्सं म्हणायची, पण कोर्टावरच्या या "तुझा"चं तिला कधी काही वाटलं नाही. खेळ संपला की दोघी पुन्हा अहोवर यायच्या. आणि अत्याचा अंदाज असा अचूक की आम्ही डोळे मिटून तिच्यावर विसंबायचो. फक्त एक होतं. जो चेंडू सरळ तिच्याच अंगावर यायचा, त्यालाही ती "तुझा!" म्हणून एक पाऊल बाजूला व्हायची आणि अम्मा धावत येऊन तो मारायची.

त्याच वर्षी गावात एका क्लबानं लाकडी जमिनीचं बंदिस्त कोर्ट बांधलं होतं. सगळीकडे तेव्हा नवं काही ना काही येत होतं. दुकानांत बाहेरची थंड पेयं, घरांवर केबलच्या तारा, आणि क्लबात हे चकचकीत कोर्ट. क्लबाच्या सेक्रेटरींनी कुठेतरी वाचलं की बायकांच्या संघांची बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा मे महिन्यात होते आहे. मग त्यांनी जाहीर केलं, आपणही तश्शीच स्पर्धा घेऊ, शटलची, पाच जणींचा संघ. त्यांच्याकडे नावं आली दोनच संघांची. एक पॉलिटेक्निकच्या मुलींचा, आणि एक आमचा. आमचं नाव अप्पांनी दिलं. पाच म्हणजे आपल्या पाच आहेतच, असं ते म्हणाले, आणि त्यात कुणाला काही शंका घ्यावीशी वाटली नाही. पाच जणींचा संघ म्हणजे पाच जणी कोर्टावर, हे आम्हांला जन्मापासून ठाऊक होतं.

मग आम्ही शटलचा सराव सुरू केला. मैदानातच, भल्या पहाटे, वारा उठायच्या आत. अग्नि नक्षत्रमचे, ऐन कडक उन्हाचे दिवस, आठ वाजल्यानंतर बाहेर पाय ठेवायची सोय नाही. उसन्या आणलेल्या रॅकेटी हातात काही नसल्यासारख्या हलक्या होत्या. अम्मानं पहिलंच शटल लोकरीच्या चेंडूसारखं हाणलं आणि त्याची पिसं निम्मी उडून गेली. पिसं उपटलेली कोंबडी दिसते तसं ते दिसत होतं. शटलचं कोर्ट लहान असतं हे आम्ही वाचलं होतं, म्हणून अम्मानं लहान चौकोन आखला आणि त्यात आम्ही पाच जणी उभ्या राहिलो. दाटीवाटीनं कोपरं एकमेकींना लागायची. जगातल्या बायका एवढ्याशा जागेत कशा खेळतात याचं आम्हांला कौतुक वाटायचं.

जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी बघायला आम्ही समोरच्या बहिणींकडे गेलो, कारण केबल त्यांच्याकडे होतं. करंट दुपारीच गेलेला. तासन्‌तास आम्ही काळ्या पडद्यासमोर मुरुक्कू, म्हणजे चकल्या, खात बसलो, आणि करंट आला तेव्हा शेवटचा सामना चालू होता. एका बाजूला इंडोनेशियाची एक पोर, शाळेत जाणारी असावी इतकी लहान. समोर चीनची एक. कोर्टावर दोघीच. बाकीच्या बाजूला बसून जीव खाऊन ओरडत होत्या. आम्ही बुचकळ्यात पडलो. मग अप्पांनी खुलासा केला. अप्पा कालव्यांच्या खात्यात होते, पण त्यांना माहीत नाही असा विषय मी आजवर पाहिलेला नाही.

"बाकीच्या औट झाल्या, कळ्ळं कां?" ते म्हणाले. "सडुगुडुत होतात तसें. एकेक औट होत जायची. शेवटीं उरली ती ही."

सडुगुडु म्हणजे कबड्डी. आम्हांला पटलं. पटण्यासारखंच होतं, पडद्यावर अगदी तसंच दिसत होतं. अत्यानं मुरुक्कू खाली ठेवला आणि विचारलं की शेवटी उरते ती कुठली असते, पुढची की मागची. मागचीच, अप्पा म्हणाले, तीच सगळ्यात उशिरा औट होणार. ती पोर जिंकली, तिच्या मैत्रिणी धावत येऊन तिच्या अंगावर पडल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. अत्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्या पोरीकडे बघत होती, आणि मुरुक्कू पुन्हा हातात घेतला नाही.

घरी आल्यावर ती अम्माला हळू आवाजात म्हणाली की आपण पहिल्याच झटक्यात औट होऊन बसणार. उगाच मागे उरायला नको. मी ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे असंच तू ओरत्तनाडूला पण करणार. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त सांगितलं की अण्णा, म्हणजे माझे अप्पा, उद्या ऑफिसात जाऊन नको म्हणून कळवून येतील. अम्मा भाजी चिरत होती, ती वर न बघता म्हणाली, उद्या सामना आहे, ऑफिस परवा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी क्लबात पोचलो. दिव्यांखाली ती लाकडी जमीन अशी चकाकत होती की अम्मानं सवयीनं चपला दाराबाहेरच काढल्या. आम्ही पाच जणी कोर्टावर जाऊन आपापल्या जागी उभ्या राहिलो. पॉलिटेक्निकच्या मुली आमच्याकडे बघत राहिल्या. सेक्रेटरी धावत आले. त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन समजावलं की सामने पाच, वेगवेगळे: तीन एकेरी, दोन दुहेरी, एकामागून एक, आणि ज्या संघाचे तीन आधी होतील तो जिंकला. कुणी औट वगैरे होत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टीव्हीवाल्यांनी नीट दाखवलं नाही म्हणून त्यांनाच बोल लावला. नाचता येईना, अंगण वाकडं. आम्ही मात्र हसून हसून खाली बसलो. इतके दिवस त्या चौकोनात कोपरं खाल्ली होती ती आठवून समोरची धाकटी तर डोळे पुसत होती.

कोण कुठला सामना खेळणार ते सांगायची वेळ आली तेव्हा अत्या पहिल्यांदाच स्वतःसाठी बोलली. तिनं शेवटचा एकेरी सामना मागितला. मला नवल वाटलं. मग लक्षात आलं. गणिताची टीचर. तीन सामन्यांतच निकाल लागू शकतो, चारांत तर बहुतेक लागेलच असं तिनं धरलं असणार, म्हणजे पाचव्याची पाळी यायचीच नाही. ती शांतपणे बाकावर जाऊन बसली, अंगावर पदर घेऊन, जणू सिनेमाला आली होती.

पहिला एकेरी मी खेळले आणि सपाटून हरले. समोरची मुलगी शटल जाळीपाशी नुसतं ठेवायची आणि मी मागे उभी राहून तिला मनात शिव्या द्यायचे. मग दोघी बहिणींची दुहेरी. त्या जन्मापासून शेजारीशेजारी खेळलेल्या. त्यांनी त्या मुलींना जाळीजवळ असं नाचवलं की सामना झटक्यात आमचा झाला. थोरली बहीण लगेच एकेरीही खेळली आणि लोकरीच्या चेंडूनं घडवलेल्या मनगटाच्या जोरावर तोही ओढून आणला. आता दोन आमचे, एक त्यांचा. मी आणि अम्मानं दुहेरी जिंकली की झालं. अत्या बाकाच्या कडेला सरकून आमच्यासाठी देवाचं नाव घेत होती. इतक्या मनापासून तिनं आमच्यासाठी यापूर्वी कधी काही मागितलं नसेल. अम्मा नऊवारीत वाघिणीसारखी धावली, पण मागून कुणी "तुझा" म्हणणारं नव्हतं, आणि आम्ही दोघी एकाच शटलवर जाऊन एकमेकींवर आदळलो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आम्ही हरलो.

दोन दोन.

अत्या उठली नाही. मग ती उठली आणि सरळ अम्माकडे आली. म्हणाली, वैनी, तुम्ही जा, तुम्ही एकेरी खेळलेल्या नाहीत, चालेल. सेक्रेटरी भले गृहस्थ, ते म्हणाले, बदल केला तरी आमची हरकत नाही. अत्यानं रॅकेट पुढे केली. "मला नक्को वैनी. तुम्ही घ्या."

माझ्या अम्मानं काय करावं? ती घामानं भिजली होती, पण दमली नव्हती. ती कधीच दमायची नाही. तिनं सगळ्यांसमोर कासोटा सोडला, नऊवारी पायांभोवती गुंडाळून घेतली आणि बाकावर मांडी घालून बसली. आता धावायचा प्रश्नच नव्हता. मग नणंदेकडे बघून म्हणाली, "तुझा. जा."

अम्मानं अत्याला अहो सोडून असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अत्या गेली. कोर्टावर जाऊन ती मागच्या रेघेपाशी, उजव्या कोपऱ्यात उभी राहिली, जिथे ती कायम उभी असायची. पॉलिटेक्निकच्या मुलीनं शटल पुढे टाकलं. अत्या मोकळ्या कोर्टाकडे बघून ओरडली, "तुझा!" आणि तशीच उभी राहिली. शटल जाळीपाशी पडलं. लोक हसले. पुढचंही तसंच. तिला कळत होतं, पण तोंडातून तेच निघत होतं, इतक्या वर्षांची सवय. पहिला डाव असा गेला की बघवेना. मला रडू यायला लागलं आणि मी ते रागावर ढकललं, समोरच्या मुलीवर, अप्पांवर, त्या नव्या लाकडी जमिनीवर.

दुसऱ्या डावात पहिलं शटल तिच्या डोक्यावरून मागे निघालं आणि आमच्या बाकावरून अम्मा ओरडली, "तुझा!"

अत्यानं वळून पाहिलं नाही. ती धावली. आणि तिनं ते मारलं.

मग आम्ही चौघी ओरडायला लागलो. शटल पुढे पडो, मागे जावो, डावीकडे, उजवीकडे, जाळी ओलांडून आलं की आम्ही एका सुरात, "तुझा!" सगळं सभागृह दणाणलं. दुसरं काय ओरडणार? सगळेच तिचे होते. थोड्या वेळानं पॉलिटेक्निकच्या मुलींनाही ते शब्द पाठ झाले आणि त्या आपल्या मैत्रिणीला ओरडून धीर द्यायच्याऐवजी हसत बसल्या. अत्या कोपऱ्यातून कोर्टाच्या मधोमध आली. आणि तेव्हा आम्हांला दिसलं की जिला समोरच्या पाच जणींच्या हालचाली कळायच्या तिला समोर एकच मुलगी म्हणजे हातचा मळ. शटल कुठे येणार ते तिला आधीच ठाऊक असायचं. दुसरा डाव तिनं घेतला. तिसऱ्यात अगदी शेवटापर्यंत ती बरोबरीनं राहिली, पदर कमरेला खोचून, चष्मा नाकावरून घसरत असताना.

शेवटचं शटल जाळीला लागून पलीकडच्या बाजूला पडण्याऐवजी तिच्याच बाजूला पडलं. आम्ही हरलो. ती त्या मुलीच्या पाठीवर थाप मारून आमच्याकडे आली. धाप लागलेली होती. आम्हांला वाटलं, आता ती म्हणेल की वैनीला पाठवायला हवं होतं.

"तो माझा होता," ती म्हणाली. "माझाच होता, हातून गेला."

आणि ती हसली. हरलेल्या माणसाचं ते हसणं नव्हतं. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी ती मला इतकी आवडली की मी तिला मिठी मारली, घामासकट. अप्पा पुन्हा सांगायला लागले की लोकरीचा चेंडू असता तर काय झालं असतं, आणि कुणी ऐकत नव्हतं.

परत येताना टाउन बस भरलेली होती. आम्ही सगळ्या दांड्यांना धरून उभ्या. मोठ्या देवळाच्या थांब्यावर एक माणूस उतरला आणि खिडकीजवळची जागा रिकामी झाली. अम्मा सवयीनं तयार झाली, आता वन्सं खांदा धरणार म्हणून. पण खांद्यावर हात पडला नाही. अत्या आमच्यामधून पुढे गेली आणि त्या जागेवर बसली. कुणाला काही विचारलं नाही, कुणाकडे बघितलं नाही. खिडकीची काच वर सारली आणि वारा घेतला. अम्मानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की कुणाला वाटावं, जागा तिलाच मिळाली आहे.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. अत्यानं आमची सगळ्यांची तिकिटं काढली, आणि मग बसल्या जागेवरूनच त्याला विचारलं, ओरत्तनाडूची सकाळची पहिली बस किती वाजता सुटते.